बोलता येईल इतकं सावकाश

उल्हासनगरातल्या कॅम्प पाचच्या जीन्स मार्केटमध्ये सगळ्यात कमी हालचाल कोणाची होत असेल, तर ती माझ्यासारख्या हिशेब लिहिणाऱ्यांची. मशीनवरचा कारीगर निदान पाय हलवतो, हेल्पर पोरगा दिवसभर थप्प्या चढवतो-उतरवतो, शेठ गिऱ्हाइकाला सोडायला दुकानाच्या पायरीपर्यंत येतात. मी सकाळी लोखंडी शिडीने माळ्यावर चढते, टॅली उघडते आणि संध्याकाळी ते बंद करूनच उतरते. डबा त्याच खुर्चीत, चहाही तिथेच. चार दुकानांची कामं माझ्याकडे आहेत. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, आणि मधल्या दिवसांत जॉबवर्कची चलनं, ई-वे बिलं, उधारीच्या याद्या. काम मला आवडतं. आकडे जुळले की जे समाधान मिळतं, ते मी कशाशीही बदलणार नाही. पण या कामाला शरीर लागत नाही, आणि जे लागत नाही ते हळूहळू जातं. चाळिशी उलटली तेव्हा कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर होता. आशियाई बायकांसाठी धोक्याची रेषा ८० ची मानतात. रक्ताच्या तपासणीत एचबीए१सी ६.२ आलं होतं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि माळ्याची ती शिडी चढल्यावर मी खुर्चीत बसून दम खाते आहे, हे खालच्या हेल्परच्याही लक्षात यायला लागलं होतं.

धावणंच का, चालणं का नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं. उत्तर अगदी घरगुती आहे. आमच्याकडे पाणी सकाळी येतं. पाणी यायच्या आत घरी परतायचं, टाकी भरायची, डबे करायचे, मुलीला उठवायचं. त्याआधीचा अर्धा-पाऊण तास तेवढा माझा. चालण्यातून हृदयाला पुरेसं काम द्यायचं तर मला त्याच्या दुप्पट वेळ लागला असता, आणि तो माझ्याकडे नव्हता. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी रक्तदाब पाहिला, ईसीजी काढायला लावला आणि सांगितलं, करा, पण चालण्यात मिसळून करा. छातीत दुखलं, चक्कर आली, दम नेहमीपेक्षा वेगळा लागला, तर थांबा आणि या. चाळिशीनंतर बसून असलेल्या माणसाने एवढं तरी विचारून घ्यावंच.

मी वाचणारी बाई आहे. जे करायचं त्यामागचं कारण कळल्याशिवाय माझं मन लागत नाही. म्हणून त्या काळात जे वाचलं त्यातलं थोडं सांगते, कारण ते आमच्या बाजाराला तंतोतंत लागू पडतं. १९५६ साली ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर एका जागी बसणारे दुकानदार, कारकून, गिरणीतले कामगार, राख आणि कोळसा वाहणारे मजूर, अशा सगळ्यांचं खाणं आणि वजन त्यांनी पाहिलं. जो कमी हलतो तो कमी खाईल, असं आपल्याला वाटतं. निघालं ते वेगळंच. अगदी बैठं काम करणारे हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते, आणि वजनही त्यांचंच जास्त होतं. हालचाल एका मर्यादेच्या खाली गेली की भूक तिच्या हिशेबाने कमी होत नाही. हे वाचलं तेव्हा आमच्या मार्केटमधल्या गाद्या, काउंटर, माळे सगळे डोळ्यांपुढे आले. या शहराचा धंदाच बसण्याचा आहे. १९४७ नंतर सिंधहून उठून आलेली माणसं लष्कराच्या बॅरेकींमध्ये राहिली, रेल्वेत आणि रस्त्यावर फिरून वस्तू विकत उभी राहिली. आमच्या पत्त्यांत अजून बॅरेक नंबर येतो. त्या फिरणाऱ्या माणसांची नातवंडं आता दुकानात बसतात, त्यांचा माल शिवणारे बसतात आणि त्यांचे हिशेब लिहिणारेही बसतात.

माझे वडील विठ्ठलवाडी आगारात एसटीचे कंडक्टर होते. आयुष्यभर सडपातळ. आम्हाला वाटायचं, अंगकाठीच तशी. १९५३ साली लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली होती. बसून गाडी चालवणाऱ्यांपेक्षा दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या गाडीला जिना नव्हता, पण गर्दी होती."

आणखी एक गोष्ट पुण्याची. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसत असतानाही आतून चरबी साठवतं, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्याच मजकुरात एक कारण जाता जाता नोंदवलेलं आहे. युडकिन मॅरेथॉन धावायचे, आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठण्यासाठी धावणं. इतक्या मोठ्या संशोधकाने स्वतःचं शरीर लोकांपुढे पुरावा म्हणून ठेवावं, याचं मला फार कौतुक वाटतं. मी वजनाच्या काट्यावर विसंबायचं सोडलं ते या फोटोमुळे.

सुरुवातीची पद्धत जगभर जवळपास एकच आहे. जॉश क्लार्क नावाच्या एका अमेरिकी तरुणाने १९९६ साली नवशिक्यांसाठी नऊ आठवड्यांचा क्रम लिहिला. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं आलटून पालटून. शेवटच्या आठवड्यात न थांबता अर्धा तास. आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस विश्रांती. सेकंद मोजत पळणं मला जमेना. रस्त्यावर विजेचे खांब होते, तेच वापरले. दोन खांब धावायचं, तीन खांब चालायचं. नऊ आठवड्यांत हे पुरं होतं असं लिहिलंय, मला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागला. लागू दे. बैठ्या कामात गेलेल्या शरीराने तो मागितला, तर तो द्यायला हवा असं माझं ठाम मत आहे. मी प्रत्येक आठवडा दोनदा, काही तीनदा केला.

वेग किती ठेवायचा, हे मात्र मला कुठल्या क्रमाने नाही, तर आश्रमाकडे निघालेल्या आज्यांनी शिकवलं. कॅम्प पाचमध्ये पहाटे रस्त्यावर सगळ्यात आधी दिसतात त्या सत्संगाला जाणाऱ्या सिंधी बायका. स्वामी शांतिप्रकाश आश्रमाच्या दिशेने, डोक्यावरून ओढणी, हातात छोटी पिशवी, तीन-तीन चार-चार जणींच्या गटाने. त्यांना माझं कुतूहल. मी बाजूने जायला लागले की विचारायच्या, "बेटी, घर कहाँ है? बच्चे कितने?" वडीलधाऱ्या बायका, उत्तर न देता पुढे जाणं बरं दिसत नाही. पण जोरात पळत असले की तोंडातून एक शब्द निघायचा आणि पुढचा श्वासात अडकायचा. मग मी पावलं बारीक केली. इतकी, की त्या चालताहेत आणि मी त्यांच्याशेजारी धावते आहे. त्या वेगाला मला पूर्ण वाक्य बोलता आलं. "एक मुलगी है, बारहवीं में है." तेव्हा कळलं की माझा वेग हाच. पुढे वाचनात तेच आलं: बोलता येईल इतक्या वेगात शरीर प्राणवायूवर नीट चालतं, चरबी जाळतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायला तयार असतं. त्यापुढे गेलं की दहा मिनिटांत सगळं संपतं, आणि मनात पक्कं बसतं की धावणं आपल्यासाठी नाही. कितीतरी मोठी माणसं एक-दोन दिवसांत सोडून देतात ती एवढ्यासाठीच. शाळेतली शंभर मीटरची शर्यत अजून त्यांच्या पायांत असते. धावणं म्हटलं की ती तशीच सुटतात.

सावकाश धावल्याने मेहनत वाया जाते, असं म्हणणाऱ्यांना मी एक आकडा सांगते. माणसाला १ किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागे साधारण १ कॅलरी लागते, आणि वेग कमी-जास्त झाला तरी हा आकडा फारसा बदलत नाही. ७० किलोची बाई हळू धावली काय, जोरात धावली काय, किलोमीटरमागे ७० च्या आसपास. यातून दोन गोष्टी निघतात. एक, हळू धावण्यात काहीही बुडत नाही. दुसरी, नुसत्या धावण्याने वजन झपाट्याने उतरेल ही आशा धरू नये, कारण एका वडापावाला तीन-चार किलोमीटर लागतात. मिळतं ते दुसरंच. धावताना पायाचे मोठे स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यानंतरही कित्येक तास ते इन्शुलिनला जास्त दाद देतात. माझं एचबीए१सी पुढच्या वर्षी ५.८ आलं. वजन जेमतेम तीन किलोने उतरलं होतं, कमरेचा घेर मात्र चांगलाच खाली आला होता.

दम आधी सुधारतो, पाय नंतर. हे नवशिक्याला कोणी सांगत नाही आणि त्यामुळे दुखापती होतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, आणि आपल्याला वाटतं की आता जमलं. पण घोट्यामागची शीर, नडगीचं हाड, तळव्याचा पट्टा यांना बळकट व्हायला महिने लागतात. प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार त्यांच्यावर येतो. हाड तर आधी थोडं झिजून मग नव्याने भरतं, त्यामुळे पहिला महिना उलटल्यावरचा काळ त्याच्यासाठी सगळ्यात नाजूक. माझ्या नडग्या याच सुमारास दुखायला लागल्या. बोटाने दाबलं की आतल्या कडेला लांबलचक दुखायचं. मी आठवडाभर फक्त चालले, मग पुन्हा दोन खांबांवर आले, आणि घरी ओट्यापाशी उभं राहून टाचा वर-खाली करायला लागले. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ते चालायचं. पोटरी भक्कम झाली की नडगीचा भार हलका होतो. हे दुखणं एका जागी, बोटाच्या टोकाएवढ्या ठिकाणी आणि रात्री झोपेतही दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जायचं, कारण ते हाडाला तडा गेल्याचं लक्षण असू शकतं.

आता जे लिहिते आहे ते बायका एकमेकींनाही सहज सांगत नाहीत. पहिल्या काही दिवसांत मला धावताना लघवीचे थेंब सुटायचे. बाळंतपण झालेल्या पुष्कळ जणींना शिंकताना, खोकताना हे होतं आणि त्या गप्प बसतात. धावायला लागलेल्या बाईला हे पहिल्याच दिवशी कळतं, आणि पुष्कळदा ती दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडत नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचं एक पटल असतं, ते बाळंतपणात ताणलं जातं. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो तेच आवळून धरायचे, सोडायचे, दिवसातून काही वेळा. खुर्चीत बसून, टॅलीत नोंदी करता करता हे करता येतं, शेजारच्यालाही कळत नाही. मला दोनेक महिन्यांत फरक पडला. ज्यांना पडत नाही त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडे जावं. यावर उपाय आहे, आणि आयुष्यभर सोसायचं हे दुखणं नाही, हे मला मोठ्याने सांगावंसं वाटतं.

कपड्यांचंही तसंच. नेहमीची ब्रा घालून धावलं की छाती दुखते, खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठतात. घट्ट, रुंद पट्ट्यांची स्पोर्ट्स ब्रा घेतली तेव्हा माझ्या घरात मागचा-पुढचा विचार झाला, कारण तिची किंमत दोन कुर्त्यांएवढी होती. पण बुटांच्या खालोखाल तोच खर्च सगळ्यात आवश्यक. वर सैलसर लांब कुर्ता, खाली ट्रॅक पँट. ओढणी घेत नाही, ती पायात येते. मांड्या एकमेकींना घासून सोलवटतात, त्यावर खोबरेल तेल किंवा आतून सायकलिंग शॉर्ट्स. बूट घ्यायला मी आमच्याच बाजारात गेले होते. फर्स्ट कॉपी इथे मुबलक मिळते आणि दिसायला हुबेहूब असते, पण तळवा दाबून पाहिला तर तो लाकडासारखा. शेवटी कल्याणला जाऊन खरा घेतला. अंगठ्यापुढे बोटभर जागा, टाच न हलणारी, एवढं पाहिलं. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर आतला फोम बसतो, मग बूट बाहेरून चांगला दिसला तरी बदलावा.

जागेचा प्रश्न या सगळ्याहून मोठा आहे. मैदान आहे, पण माझ्या वेळेला त्याचं गेट बंद असतं. म्हणून रस्ता. मी घरून निघून कैलास कॉलनीच्या बाजूने अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाते. पहिला भाग दुकानांचा. शटर बंद, पायऱ्यांवर निजलेले कारीगर, कोपऱ्यात कातरणाची पोती. तिथे एक कचऱ्याची जागा आहे आणि तिचे मालक पाच-सहा कुत्रे आहेत. चालणाऱ्याला ते काही करत नाहीत, धावणाऱ्यामागे लागतात. पळणारं दिसलं की पाठलाग करायचा, हा त्यांचा स्वभाव. तिथे मी दहा-बारा पावलं आधीच धावणं थांबवते, हात खाली ठेवते, त्यांच्याकडे न पाहता चालते, आणि पुढचा खांब गेल्यावर पुन्हा सुरू करते. त्यातला एक पिवळट कुत्रा आता उठतही नाही. पुढे थोडा चढ लागतो. चढावर पावलं अजून बारीक करायची, टाच जेमतेम टेकेल इतकी, नजर चार हातांवर. कानांत गरम झाल्यासारखं वाटतं, पोटऱ्या तंग होतात, आणि श्वास बोलण्याच्या पलीकडे जायला लागतो. तिथे मी पुटपुटत दुकानांची नावं ओळीने म्हणते. ओळ तुटली की वेग कमी करायचा.

चढ संपला की वालधुनीचा वास येतो. ही नदी काकोळ्याच्या डोंगरातून येते, शिवमंदिराला लागून वाहते, आणि मग आमच्या कॅम्पांमधून जाताना तिचा नाला होतो. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं निळं पाणी वर्षानुवर्षं तिच्यात गेलं. पुढे न्यायालयीन लढाईनंतर ते कारखाने बंद झाले, त्यात माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांची रोजी गेली, आणि माझ्या एका दुकानाचं कामही सुटलं. दोन्ही बाजूंचं दुःख मी हिशेबाच्या वहीत पाहिलं आहे. पण २०१४ च्या नोव्हेंबरात याच वालधुनीत कोणीतरी टँकरमधून रसायन सोडलं आणि वडोलगाव भागातली शेकडो माणसं श्वास कोंडून रुग्णालयात गेली, तेही याच नदीवर घडलेलं आहे. धावणारा माणूस बसलेल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत घेतो. त्यामुळे ही हवा कशी आहे, हे माझ्यासाठी आता पेपरातल्या बातमीपुरतं राहिलेलं नाही. हिवाळ्यात वारा पडलेला असतो, थंड हवा जमिनीलगत बसते आणि रात्रीचा धूर तिच्यातच अडकतो. त्या दिवसांत पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध, हा समज आमच्या भागात तरी खरा नाही. रात्री कुठे कातरण जाळलेलं असेल तर तो वास सकाळपर्यंत राहतो. असा वास आला की मी नदीकडचा रस्ता सोडते, किंवा नुसती चालून परत येते.

आणि तरीही तोच रस्ता मला प्रिय आहे, कारण त्याच्या टोकाला ते मंदिर आहे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तिथे आहे, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला. काळ्या दगडाची एकही बोटभर जागा कोरायची सोडलेली नाही. गाभारा पायऱ्या उतरून खाली, आणि वर शिखर नाही, उघडं आभाळ. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते, पण एरवी पहाटे पुजारी, फुलवाली आणि आम्ही तीन-चार माणसं. आमच्या घरापासून तिथे जेमतेम दोनेक किलोमीटर. लग्न होऊन आल्यापासून मी तिथे रिक्षानेच जात होते. ज्या दिवशी मधे न चालता तिथवर धावत पोचले, त्या दिवशी फुलवालीने पाणी दिलं आणि विचारलं, "कोण आजारी आहे का घरात, ताई?" बाई पळत देवळात येते ती संकटातच, असं तिला वाटलं. मी म्हटलं, सगळे बरे आहेत. तिने दोन बेलाची पानं जास्त दिली.

तिच्या त्या प्रश्नाने मला बारामतीच्या लता भगवान करे आठवल्या. साठी ओलांडलेली, मजुरी करणारी ही बाई नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नाहीत म्हणून ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरली. नऊवारी, पाय अनवाणी, आणि पहिली आली. त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. लोक त्यांची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला मात्र तिच्यात आणखी एक दिसतं. शेतात, रस्त्यावर आयुष्यभर चालून-वाकून काम केलेलं ते शरीर होतं, त्यामुळे गरज पडली तेव्हा ते धावू शकलं. आमचं शरीर ऐनवेळी असं धावणार नाही. खुर्चीत घडलेल्या शरीराला आधी बराच काळ खांब मोजावे लागतात. म्हणून कोणी बैठ्या बाईला लताबाईंचं उदाहरण देऊन एकदम पळायला लावलं, की मला राग येतो.

महिन्याची २० तारीख जवळ आली की माझं धावणं थांबतं. पोर्टल अडकतं, शेठ शेवटच्या दिवशी बिलं आणून देतात, रात्री उशीर होतो. कमी झोपेवर धावू नये हे मी पाळते. आठवडा सुटला म्हणून कमावलेलं फारसं जात नाही, दम उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. परत आल्यावर पहिल्या दिवशी थोडं कमी अंतर, एवढंच. मे महिन्यात बदलापूर-अंबरनाथचा पारा मुंबईच्या पुढे जातो, तेव्हा उजाडायच्या आत परतायचं. जूनमध्ये घाम सुकतच नाही, त्यामुळे त्याच वेगाला नाडी जास्त धावते. तेव्हा वेग उतरवायचा आणि घरी येऊन लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. मुसळधार पावसात मी निघत नाही. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, आणि उघडं गटारही.

मार्केटमध्ये ही गोष्ट लपून राहिली नाही. एका दुकानाच्या शेठची अँजिओप्लास्टी झाली होती. त्यांनी एकदा माळ्यावर येऊन दार लावून विचारलं, "मॅडम, डर नहीं लगता?" मी म्हटलं, लगता था. ते आता डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत, संध्याकाळी दुकान पोरावर सोडून चालतात, आणि आले की मला किलोमीटर सांगतात, मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवते. खाली धागाकटिंगला दोघी येतात. नगावर पैसे मिळतात, त्यामुळे जमिनीवर मांडी घालून सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात चालू. दोघीही माझ्याहून लहान, दोघींचे गुडघे दुखतात, एकीची शुगर वाढलेली. त्या म्हणाल्या, "ताई, आम्हाला पण घेऊन चला." एकीकडे बूट नाहीत, दुसरीच्या सासूला पहाटे सुनेने बाहेर जाणं पसंत नाही. सासूबाईंशी बोलून आले. त्या म्हणाल्या, आश्रमाच्या रस्त्याने जाणार असाल तर हरकत नाही, मी पण येते तिथपर्यंत. बुटांचे पैसे आम्ही तिघी मिळून भिशीसारखे जमवतो आहोत. जिची शुगर आहे तिला आधी डॉक्टरांकडे नेऊन पायांची तपासणी करून घेतली, कारण मधुमेहात तळव्याला जखम झालेली पुष्कळदा कळत नाही.

मैदानाचं गेट पहाटे पाचला उघडावं आणि आत दोन दिवे लावावेत, असा अर्ज मी महापालिकेत दिला आहे. त्यावर आमच्या गल्लीतल्या, मार्केटमधल्या आणि सत्संगाच्या बायकांच्या सह्या आहेत. काही मराठीत, काही सिंधीत, काही नुसते अंगठे. धूळ असली तरी मातीवर धावणं गुडघ्यांना बरं, आणि बायकांना तिथे कुत्र्यांची आणि गाड्यांची भीती नाही. पोचपावती मिळाली आहे, दर आठवड्याला जाऊन विचारते. तोवर रस्ता आहेच. ३बी भरून झालं की २१ तारखेच्या पहाटे आम्ही चौघी निघणार आहोत, सासूबाई धरून. एक खांब धावायचं, चार खांब चालायचं, यावरच सुरुवात करायची असं ठरलं आहे.